कोंडवाड्याची चावी

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. भोकरदनहून पिंपळगाव रेणुकाईकडे निघालं की वाटेत कुठेतरी ते लागतं, एवढं पुरे. नाव सांगितलं तर शेजारची गावं म्हणतील, “ते गावच तसलं,” आणि मोकळी होतील. तेवढी मोकळीक मला कुणालाही द्यायची नाही, कारण कडूआत्याबद्दल लिहायला बसलो की ती आठवायच्या आधी माझं डोकं तापतं.

कडूबाई हे तिचं खरं नाव. आमच्याकडे लेकरं जगत नसली की पुढच्याला कुणाची नजर लागू नये म्हणून असं नाव ठेवतात. ही जगली, सत्तरी ओलांडली आणि मागच्या पौषात झोपेत गेली. नावाप्रमाणे जीभही कडू होती. बांधा उंच आणि काटकुळा, चालणं मेंढरांमागे फिरलेल्या माणसाचं, म्हणजे बरोबरच्याला धाप लावणारं. धनगराघरची लेक, धनगराघरची सून. नवरा गेल्यावर बावीस वर्षं भोकरदनच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, फाटका बारदाना शिवला आणि हात थकले तेव्हा गावी परतली. येताना तिने मोंढ्यातून एकच वस्तू आणली, तिचा दाभण. पोती शिवायचा, वीतभर लांब, बाभळीची मूठ बसवलेला. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसात त्याचं टोक खुपसून ती तो कमरेला खोचायची.

त्या दाभणाने ती डबे फोडायची. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा दिसला की बुडाला चार भोकं आणि झाकणाला एक. कुणाचा आहे, कुठे आहे, हे ती विचारत नसे.

हे वेड वाटेल. वाटायचंच. पण आमच्या गावात असा रिकामा डबा म्हणजे काय चीज आहे ते आधी समजून घ्या. झाकण पक्कं, मूठ चांगली, पडला तरी फुटत नाही. डिझेल त्यात, गोडं तेल त्यात, शेतात प्यायचं पाणी त्यात आणि सकाळी बाहेर जायचं पाणीही त्यातच. कापूस वेचायला आलेल्या बाया मालकिणीकडे जुना डबा हक्काने मागतात. लेक सासरी निघाली तर सामानात दोन धुतलेले डबे घालणारी आई माझ्या माहितीची आहे, आणि ती आई वेडी नाही, लेकीवर जीव टाकणारी आहे.

आमच्या घरीही होता. निळा, पाच लिटरचा, न्हाणीत. आत्या आईला भेटायला आली, पाय धुवायला आत गेली आणि बाहेर आली ती डबा घेऊनच. ओट्यावर बसून तिने त्यात दाभण घुसवला. आई किंचाळलीच.

“अवो, धुतलेला व्हता त्यो! राखंनं धुतला, साबणानं धुतला!”

“मंग वास घेतला असशील.”

“घेतला ना. बिलकुल वास नव्हता.”

“मीबी घेतला व्हता,” आत्या म्हणाली आणि पुढचं भोक पाडलं.

आईने तिला चहा दिला नाही. मीही तेव्हा आईच्याच बाजूने होतो. म्हातारी काम नाही म्हणून लोकांच्या वस्तू नासत फिरते, असं मला वाटलं होतं. ते मी चारचौघांत बोललोही होतो.

‘औषध’ हा शब्द ती तोंडातून काढत नसे. गावात सगळे औषध म्हणतात; औषध आणलं, औषध मारलं, औषध उरलं. आत्या म्हणायची इख, म्हणजे विष. खताच्या दुकानासमोर उभी राहून मोठ्याने विचारायची, “काय रे, आज किती इख विकलं?” दुकानदार गिऱ्हाइकांसमोर ओशाळायचा. एकदा तिने भोकं पाडलेले डबे पोत्यात भरून त्याच्या पायरीवर ठेवले.

“घे. तुझा माल तुला वापस.”

“आत्या, कंपनी घेत न्हाई रिकामे. मी कुठं ठिवू?”

“भरलेले कुठं ठिवतो?”

“गोडाऊनला.”

“मंग रिकाम्याला काऊन जागा न्हाई?”

दुकानदार पोरगं भलं होतं. संध्याकाळी त्याने पोतं गुपचूप तिच्याच अंगणात आणून ठेवलं. तिथून तिच्या पत्र्याच्या शेडमध्ये ढीग सुरू झाला.

एक कृषी सहायक कधीतरी गावात येऊन सांगून गेले होते. रिकामा डबा तीनदा विसळायचा, विसळलेलं पाणी फवारणीच्याच पंपात ओतायचं, डब्याला भोकं पाडायची म्हणजे तो पुन्हा कुणी वापरणार नाही, जाळायचा नाही, पाण्याजवळ पुरायचा नाही, एका जागी जमवून गोळा करणाऱ्यांच्या स्वाधीन करायचा. साऱ्या गावाने चहा पीत ऐकलं आणि कप तिथेच टाकून घरी गेलं. आत्याने एकटीने ते मनावर घेतलं. मग डब्यांपाशी थांबली नाही. घराघरांतून ती फुटक्या ट्यूबलाईट, संपलेले सेल, मुदत गेलेल्या गोळ्या, साखरेच्या आजाराच्या सुया, उंदराच्या औषधाच्या पुड्या मागून आणू लागली. लोक हसून देऊन टाकायचे. उकिरड्यापर्यंत चालण्यापेक्षा आत्याच्या पदरात टाकणं सोपं.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिच्या शेडमध्ये चूक सापडायची नाही. मोंढ्यातल्या सवयीने तिने प्रत्येक गोष्टीला वेगळं पोतं शिवलं होतं आणि तोंडाला वेगळ्या दोऱ्याची खूण होती. लाल दोरा इखाला, पांढरा काचेला, काळा सेलला, हिरवा गोळ्यांना. सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत, झाकण चिकटवलेलं. ट्यूबलाईट उभ्या, गोणपाटात गुंडाळलेल्या. फुटलेली ट्यूब कुणी झाडूने लोटायला लागलं तर ती ओरडायची, “आधी पोरायला बाहेर काढ, खिडकी उघड, मंग वल्या फडक्यानं उचल!” आमच्या पंचायतीच्या कपाटात दहा वर्षांच्या फायली कशा आहेत ते मला माहीत आहे, म्हणून सांगतो, त्या शेडसारखी टापटीप आमच्या सरकारी खोलीत कधी नव्हती.

मी त्या खोलीत बसतो. ग्रामपंचायतीचा संगणक चालवतो. दाखले, उतारे, ठराव, नोटिसा सगळं माझ्या हातून टाईप होऊन निघतं. आत्याचा अर्जही मीच टाईप केला.

तिला कोंडवाडा हवा होता. मोकाट गुरं कोंडायची जुनी जागा, गावाच्या टोकाला, चारी बाजूंनी दगडी भिंत, वर पत्रे, पुढे लोखंडी जाळीचं फाटक आणि कुलूप. तिथे कित्येक वर्षांत एक वासरूही कोंडलेलं नाही. त्या कुलपाची चावी माझ्या टेबलाच्या उजव्या खणात, शिक्क्याच्या डबीशेजारी असते. आजही आहे. आत्याचं म्हणणं साधं होतं: माझी शेड घराला लागून आहे, शेजारी लेकरं खेळतात, पाऊस आला की पाणी शिरतं. हे सगळं कोंडवाड्यात कुलपात ठेवा आणि तालुक्याला कळवा की गाडी पाठवून घेऊन जा.

“कारण काय लिहू?” मी विचारलं.

ती की-बोर्डकडे बघत बोलू लागली.

“लिव्ह. माझा मालक साहेबराव, कपाशीत व्हता. मी भाकर घेऊन गेल्ते. डब्यात पाणी नेलं. डबा तीनदा धुतला, राखंनं, साबणानं, मंग नुसत्या पाण्यानं. वास घेतला. न्हाई आला, मंग भरला. त्या डब्याची मूठ पोकळ असती, बापा. तिच्यात घोटभर बसून राह्यलं व्हतं. मी डबा सरळ धरून धुतला, ते खाली आलंच न्हाई. त्यायनं डबा तोंडाला लावून उताणा केला, तव्हा उतरलं. जालन्याला नेऊन राह्यलो व्हतो. राजूर यायच्या आधी गेले.”

मी टाईप करत होतो.

“माझ्याच हातानं पाजलं,” ती म्हणाली. “हे लिव्ह का नगं, तुझं तू बघ.”

मी लिहिलं. ग्रामसेवकांनी प्रिंट वाचली आणि लाल पेनाने तो सगळा परिच्छेद काढला. “खाजगी बाबी नको,” म्हणाले. “मागणी तेवढी ठेवा.” एक बाई स्वतःच्या हाताने नवरा मेल्याचं सरकारला सांगते आणि सरकार म्हणतं, खाजगी बाब. मी तो परिच्छेद खोडला. माझं बोट एका बटणावर गेलं आणि साहेबरावमामा पुसले गेले. त्या दिवशी आईच्या न्हाणीतला डबा मला पहिल्यांदा नीट दिसला.

अर्जावर उत्तर आलं नाही. दुसरा दिला, तिसरा दिला, चौथा दिला. ग्रामसेवक म्हणत, वरून पत्र नाही. सरपंच म्हणत, ग्रामसेवकांना विचारा. पोच म्हणून मी तिच्या प्रतीवर शिक्का मारून द्यायचो आणि ती तो कागद घडी घालून चोळीत ठेवायची.

मग हरिनामाचा सप्ता आला. काल्याच्या दिवशी सारं गाव पंगतीला बसलेलं, वरण-बट्टी, वांग्याची भाजी, बुंदी. पाणी वाढायला तरण्या मंडळींनी कुठून कुठून डबे जमवले होते. टँकरजवळ अकरा डबे भरून ठेवलेले. बायकांच्या पंगतीत बसलेली आत्या ताट तसंच ठेवून उठली. मला वाटलं पाणी आणायला चालली. तिने वाकून पहिल्या डब्याच्या बुडात दाभण घातला, मग दुसऱ्याच्या. कुणाला काही कळायच्या आत पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या, पुरुषांच्या पंगतीतली पुढची ओळ भिजली, कुणाच्या बुंदीत पाणी गेलं. सरपंचांचे चुलते उठून उभे राहिले.

“कडूबाई! देवाच्या पंगतीत इघन आणलं तू!”

“देवाला काय करायचं तुमच्या डब्याचं? पाणी टँकरातून तांब्यानं वाढा. दहा तांबे मी देते.”

“साऱ्या गावाला अक्कल न्हाई, तुला एकलीला हाये का?”

“हौ,” ती म्हणाली. “महाग पडली मला. तुम्हाला फुकट देऊन राह्यले, घ्या.”

तिला मंडपातून हाताला धरून बाहेर काढलं. तिच्या ताटातली बट्टी कुत्र्याला घातली गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. उरलेल्या सहा डब्यांनी पंगत पार पडली. आणि त्या दिवशी कुणाला उलटी झाली नाही, कुणाला चक्कर आली नाही, म्हणून ती खोटी ठरली. याची मला सगळ्यात जास्त चीड येते. माणूस मेलं तर म्हणतात नशीब, आणि वाचलं तर म्हणतात बघा, काही होत नाही. मधल्या मध्ये खरं बोलणाऱ्याने जायचं कुठे? पुढे कितीतरी महिने तिला कुणी हळदी-कुंकवाला बोलावलं नाही. तिने शेडकडे जायचं सोडलं नाही.

नंतर स्वच्छतेच्या तपासणीचं पथक येणार असल्याचं कळलं आणि पंचायतीला अचानक कचरा दिसू लागला. गटारी उपसल्या, भिंतींवर म्हणी रंगवल्या. कुणीतरी तक्रार केली की कडूबाईच्या शेडमुळे गावाचे गुण जातील. ग्रामसेवकांनी मजकूर सांगितला, मी टाईप केला. ‘आपण आपल्या राहत्या घरालगत मानवी व जनावरांच्या आरोग्यास अत्यंत धोकादायक असा कचरा विनापरवाना साठविला असून, सात दिवसांचे आत स्वखर्चाने त्याची विल्हेवाट लावावी.’ एकही शब्द अडखळला नाही. प्रिंट काढली, सही घेतली, शिक्का मारला. शिपाई नेऊन देऊन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या मला एस.टी. स्टँडवर दिसली. नवं लुगडं नेसली होती. हातात तो कागद.

“आलं बघ उत्तर,” ती म्हणाली. “शिक्का हाये बराबर. आता भोकरदनला जाते, तालुक्याच्या साहेबाला दाखिवते, मंग गाडी पाठवत्याल.”

शिपायाने वाचून दाखवलं नव्हतं. ‘पंचायतीचं पत्र हाये,’ एवढंच म्हणाला होता. आता मी सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं फक्त. मी म्हणालो, “हो आत्या, बघा जाऊन.” बस आली आणि ती खिडकीशी बसून गेली. माझ्यासारख्या माणसाला आमच्याकडे एक शिवी आहे, ती मी इथे लिहीत नाही, मनातल्या मनात रोज देतो.

सात दिवसांची मुदत होती. त्याच दुपारी, ती गावात नाही हे साधून, पंचायतीचा ट्रॅक्टर तिच्या अंगणात लागला. लाल दोरा, पांढरा दोरा, काळा, हिरवा, सगळी पोती एकावर एक ट्रॉलीत फेकली. ट्यूबलाईट फुटल्याचा आवाज ऑफिसपर्यंत आला. नाल्याच्या वळणावर नेऊन ट्रॉली उलटी केली आणि वरून डिझेल ओतून पेटवून दिली. तो धूर मी विसरणार नाही. पिवळट होता, घशात बसत होता. खाली शंभर पावलांवर गावाच्या म्हशी पाण्यात बसलेल्या असतात. जे एका म्हातारीने पोत्यात बांधून गावाच्या पोटात जाण्यापासून अडवून ठेवलं होतं, ते गावाने एका तासात हवेत आणि पाण्यात सोडलं. दोन दिवसांनी पथक आलं, पोहे खाल्ले, भिंतीवरच्या म्हणींसमोर फोटो काढले आणि चांगले गुण देऊन गेलं.

जाळलं त्याच दिवशी चारच्या बसने आत्या आली. कुणी काही सांगावं लागलं नाही, धूर दिसतच होता. ती सरळ नाल्यावर गेली. मी ऑफिसातून उठून तिच्या मागे गेलो. का गेलो ते मला सांगता येत नाही. ती विझत आलेल्या ढिगाला लांबून वळसा घालून उभी राहिली, तोंडाला पदर लावून, वाऱ्याच्या उलट्या बाजूला. एवढं झाल्यावरही धुराची बाजू तिने बरोबर टाळली होती.

“तालुक्याच्या कचेरीतल्या एका बाईनं वाचून दाखिवलं,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “तू टायपलं ना?”

“हो.”

“चांगलं लिव्हलंस. ‘अत्यंत धोकादायक’. दोनदा वाचायला लावलं मी तिला.” मग ती वळली. ती रडत असेल असं मला वाटलं होतं. डोळे कोरडे होते. “चार अर्ज दिले. चारीला तुमाला वाटलं म्हातारी येडी हाये. म्हंजे येडी न्हवते मी. तुमाला सगळ्यायला माहीत व्हतं. माहीत असून जाळलं.”

ऑफिसात काम आहे असं काहीतरी पुटपुटून मी निघालो. मागे वळून पाहिलं तर ती नेहमी कमरेला खोचलेलं रिकामं पोतं झटकत होती.

तिला मी नंतर पुष्कळदा पाहिलं असेल, पण माझ्या मनात शेवटची ती त्याच संध्याकाळची राहिली आहे. पाच-साडेपाचला मी घरी निघालो. रस्ता कोंडवाड्यावरून जातो. फाटकाशी एक पोतं उभं होतं, तोंड लाल दोऱ्याने शिवलेलं. जळायचे राहिलेले डबे तिने काठीने ओढून काढून, फडक्याने धरून त्यात भरले होते. आणि आत्या फाटकाशी उकिडवी बसून नोटीस शिवत होती. गोणपाटाच्या तुकड्यावर कागद, चारी कडांनी सुतळीचे टाके, आणि तोच टाका पुढे जाळीतून ओवून गाठ. शिक्का मधोमध, सरळ वर. बारदाना शिवताना ती जशी जीभ दातांत धरायची तशी धरली होती.

मी सायकल थांबवली. तिने मान वर केली नाही.

“आता कोणी म्हणायचं न्हाई, हे धोक्याचं हाये म्हणून कुठं लिव्हलंय,” ती म्हणाली. “हे लिव्हलंय. पंचायतीचा शिक्का हाये.” एक टाका घातला. “ह्या कुलपाची चावी कोणाकडं असती रे?”

ऑफिसात परत जाऊन खण उघडायला मला चार मिनिटं लागली असती. माझी नोकरी कराराची आहे, दर वर्षी सही लागते.

“ग्रामसेवकांकडे असेल,” मी म्हणालो.

आता तिने वर पाहिलं. वास न घेताही तिला कळलं असावं.

“आसंल,” ती म्हणाली, पुन्हा खाली वाकली, शेवटची गाठ मारली आणि सुतळी दातांनी तोडली.